फॉर्म बी आहे, पण बाविसाव्या मजल्यावर पाणी पोचतं का?

प्रश्न : आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडवर आहे. दोन विंग, प्रत्येकी बावीस मजले, ताबा मिळून बारा वर्षं झाली. यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. गेल्या महिन्यात बी विंगच्या चौदाव्या मजल्यावर एका घरात फर्निचरचं काम चालू होतं. सुताराच्या फळीचा धक्का लागून छतावरचा स्प्रिंकलर (आग लागली की पाणी फवारणारं तोंड) फुटला. हॉलमध्ये पाणीच पाणी झालं, खालच्या घरातही उतरलं. आमच्या प्लंबरने त्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तो आजही बंद आहे, कारण मजल्यावरचे चारही सदस्य उघडू देत नाहीत. आगीच्या यंत्रणेची देखभाल करणारी एजन्सी म्हणते, वार्षिक तपासणी एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) येत नाही, तिचे पैसे वेगळे. सभेत विषय काढला तर सदस्य म्हणाले, दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचं एजन्सीचं प्रमाणपत्र) मिळतो ना, मग आणखी तपासणी कशाला? काही जण तर म्हणाले, स्प्रिंकलर कायमचे बंदच करा, उद्या उदबत्तीच्या धुराने उडाले तर घराचा सत्यानाश होईल. बारा वर्षांत आमच्याकडे आग लागलेली नाही. कमिटीत मी एकटी पडले आहे. काय करावं?
— सेक्रेटरी, ठाणे

ताई, नमस्कार.

तुम्ही बरंच विचारलं आहे आणि सगळ्याचं उत्तर देतो, पण त्यातली एक गोष्ट पुढच्या सभेपर्यंत थांबू शकत नाही. चौदाव्या मजल्याचा तो व्हॉल्व्ह. आज त्या मजल्यावरच्या चार घरांच्या छताला स्प्रिंकलर दिसतात, पण त्यांच्यामागे पाणी नाही. आग लागली तर ते उघडतील आणि त्यातून पाणी येणार नाही. अमेरिकेत अशा आगींच्या नोंदी अनेक वर्षं ठेवल्या जातात. स्प्रिंकलर असूनही चालले नाहीत अशा घटना तिथे तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी कारण एकच निघालं : पाणी आधीच कोणीतरी बंद करून ठेवलेलं होतं. तुमच्या प्लंबरने त्या दिवशी व्हॉल्व्ह बंद केला ते बरोबरच केलं. तो महिनाभर तसाच राहिला, हे चुकलं.

उघडायचा कसा, ते सांगतो. आधी एजन्सीच्या माणसाला विचारा की फुटलेल्या जागी नवा स्प्रिंकलर बसवला का, आणि तो बाकीच्यांसारखाच आहे का : तोच प्रकार, तेच तापमान, तोच आकार. कधी कधी तिथे नुसता प्लग ठोकून दिलेला असतो. मग चारही घरांत एकेक माणूस उभा करा, फोन चालू ठेवा. त्या मजल्याची पाइप रिकामी झाली होती, म्हणजे आत हवा भरलेली आहे. मजल्याचा टेस्ट किंवा ड्रेन व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवायचा, मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू फिरवायचा, आणि फुसफुसणं थांबून सलग पाणी यायला लागलं की ड्रेन बंद करायचा. घाईने चाक फिरवलं तर पाण्याचा दणका बसतो आणि जुने जॉइंट गळायला लागतात. सदस्यांना याच दणक्याची भीती असते, म्हणून हळू. सगळं कोरडं आहे याची चारही घरांतून खात्री आली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि उघड्या स्थितीतच साखळी घालून कुलूप लावा.

या कामाला त्या चार सदस्यांच्या परवानगीची गरज नाही. व्हॉल्व्ह सामाईक डक्टमध्ये आहे, यंत्रणा सोसायटीची आहे आणि जबाबदारीही सोसायटीची आहे. त्यांना दिवस आणि वेळ लेखी कळवा, काम त्यांच्या डोळ्यांसमोर करा. विरोध झालाच तर तो कोणी केला हे कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवा. अनेकदा नाव लिहिलं जाणार म्हटल्यावर माणूस स्वतःच पुन्हा विचार करतो.

आता उदबत्तीचं. ही समजूत इतकी पसरलेली आहे की सभेत पहिली पाच मिनिटं यासाठीच ठेवा. स्प्रिंकलरला धूर कळत नाही. धूर ओळखतो तो स्मोक डिटेक्टर, आणि तो फक्त आवाज करतो, पाणी सोडत नाही. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते, तिच्यात रंगीत द्रव असतो. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, ठरलेल्या तापमानाला काच फुटते आणि मग पाणी सुटतं. घराघरांत बहुतेक ठिकाणी लाल रंगाची नळी असते, ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते. नारिंगी ५७ ला, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला तरी ६८ अजून लांब आहे, आणि देवघरातल्या उदबत्तीने किंवा होमाच्या धुराने छताजवळची हवा सहसा तिथवर तापत नाही. मात्र होमकुंड नेमकं स्प्रिंकलरखाली मांडू नये, एवढं नक्की सांगा.

दुसरी गोष्ट, सगळे स्प्रिंकलर एकदम उडत नाहीत. ते दृश्य पडद्यावरचं आहे. ज्याची काच तापली तोच उघडतो. घरातला नेहमीचा स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला साधारण ८० लिटर पाणी सोडतो. अग्निशमन दलाला जिन्यातून होज आणून तीच आग विझवावी लागली तर मिनिटाला कित्येक शे लिटर पाणी घरात जातं, आणि तोवर आगीला पसरायला बराच वेळ मिळालेला असतो. तुमच्या चौदाव्या मजल्यावर जे नुकसान झालं ते यंत्रणेच्या दोषाने झालेलं नाही. काच हाताने फोडली की पाणी येणारच. फर्निचरच्या कामाआधी सदस्याने कळवलं असतं, एजन्सीने त्या मजल्याचं पाणी तेवढ्या तासांसाठी बंद केलं असतं आणि स्प्रिंकलरवर जाळीची टोपी बसवली असती, तर फळी लागूनही हॉल कोरडा राहिला असता.

विम्याचंही याच ओघात सांगतो. सोसायटीची इमारतीची पॉलिसी काढून वाचा. आपल्याकडच्या आगीच्या पॉलिसींमध्ये स्प्रिंकलरच्या गळतीने झालेलं नुकसान साधारणपणे धरलेलं असतं, पण इमारतीच्या किंवा घराच्या दुरुस्तीत, फेरफारात झालेली गळती त्यातून वगळलेली असते. म्हणजे सुताराच्या फळीने झालेल्या नुकसानीचा भार बहुधा त्या सदस्यावरच येईल. पुढच्या सभेत ठराव करून घ्या : अंतर्गत कामाच्या परवानगी अर्जात स्प्रिंकलरचा उल्लेख सक्तीचा, अनामत रक्कम, आणि स्प्रिंकलरला हात फक्त परवानाधारक एजन्सीचा.

आता फॉर्म बी. सदस्यांचा मुख्य मुद्दा हाच आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये कलम ३ आहे. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा कायम सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, असं ते सांगतं. तुमच्या बाबतीत व्यवहारात ती सोसायटीवर, म्हणजे कमिटीवर येते. त्याच कलमानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. तोच तुमचा फॉर्म बी. कायद्याचं पालन झालं नाही तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि २० ते ५० हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. हे सभेत वाचून दाखवा. घाबरवण्यासाठी नाही, तर जबाबदारी कोणाची आहे हे एकदा स्पष्ट व्हावं म्हणून.

पण फॉर्म बी म्हणजे नेमकं काय? एजन्सीने केलेलं विधान, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. ते विधान कशावर आधारलेलं आहे, हा प्रश्न तुमच्या सोसायटीत बारा वर्षांत बहुधा कोणी विचारलेला नाही. चौदाव्या मजल्याचं पाणी बंद असताना पुढचा फॉर्म बी आला, तर त्या कागदाला काय अर्थ? २२ जानेवारी २०२२ रोजी ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागली, माणसं गेली. त्या इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, असं तेव्हा समोर आलं. उंच इमारतीत अग्निशमन दलाला खालून पाणी वर चढवायला वेळ लागतो. तोवर जे काही होणार ते तुमच्याच पंपावर आणि तुमच्याच पाइपवर होणार.

म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट मनापासून सांगेन. वर्षातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी यंत्रणा खरोखर चालवा, कमिटीचं माणूस तिथे उभं राहू दे, आणि आकडे स्वतःच्या वहीत लिहा. प्रमाणपत्र त्या वहीतून यावं.

एजन्सी जे म्हणते त्यात थोडं तथ्य आहे. नेहमीच्या एएमसीत महिन्याच्या फेऱ्या, पंप चालवून बघणं, वरवरची पाहणी एवढंच असतं. पंपाची पूर्ण क्षमतेची चाचणी, सुटे भाग, पाइप उघडून आतून पाहणं, याचा खर्च वेगळा असणं रास्त आहे. पण मग फॉर्म बीवर सही करताना ते कोणत्या चाचणीवर विसंबतात, हे त्यांनी लेखी सांगायला हवं. हा प्रश्न नम्रपणे, पण लेखीच विचारा.

चाचणीचा दिवस कसा असावा, ते सविस्तर लिहितो.

सुरुवात पंप रूमपासून. पॅनेलवरची पंपांची बटणं ऑटोवर आहेत का, हे आधी बघा. कधीतरी जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो म्हणून वॉचमन वैतागून तो मॅन्युअलवर टाकतो आणि पुढे कोणी बघत नाही. जॉकी वारंवार चालत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) धरत नाही. ते शोधायचं असतं, जॉकी बंद करायचा नसतो.

मग प्रेशर गेज. इथे तुम्हाला इंजिनिअर असण्याची गरज नाही, साधा गुणाकार पुरे. एक बार दाब पाण्याला साधारण दहा मीटर वर चढवतो. मजला तीन मीटरचा धरला तर तुमचे बावीस मजले म्हणजे ६६ मीटर. पंप तळघरात असतील तर पाणी नुसतं वर पोचायलाच साडेसहा बारच्या वर दाब लागतो. स्प्रिंकलरमधून फवारा नीट पसरायला त्यावर आणखी अर्धा-एक बार, आणि पाइपमधल्या घर्षणाचं वेगळं. टेक्निशियन लोक बारला केजी म्हणतात. सात केजी म्हणजे जवळपास सात बारच. गेज पाच केजी दाखवत असेल, तर त्या दाबाने पाणी पन्नास मीटरपर्यंत, म्हणजे सोळाव्या-सतराव्या मजल्यापर्यंत जातं. वरच्या पाच मजल्यांवर काय आहे, हा प्रश्न तिथेच उभा राहून विचारा. गच्चीवर वेगळा बूस्टर पंप असेल तर उत्तर वेगळं येईल. तसं असेल तर तो पंपही चालवून दाखवायला सांगा. गेज स्वतः बरोबर आहे का, हेही बघावं लागतं. पाच वर्षांनी गेज बदलायचा किंवा प्रमाणित गेजशी ताडून घ्यायचा असतो.

त्यानंतर दोघांनी सर्वात वरच्या मजल्यावर जा, पाइपच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथे तपासणीचा व्हॉल्व्ह असतो, त्याचं तोंड एका स्प्रिंकलरएवढं असतं. तो उघडायचा. म्हणजे त्या मजल्यावर एक स्प्रिंकलर फुटल्यासारखंच होतं. आता घड्याळ बघा. वरच्या माणसाने पाणी किती जोरात आणि किती वेळ सलग आलं ते लिहायचं. खालच्या माणसाने जॉकी कधी सुरू झाला, मेन पंप कधी सुरू झाला, घंटा किंवा हूटर वाजला का, आणि सिक्युरिटी केबिनमधल्या पॅनेलवर कोणता मजला, कोणती विंग दिसली ते लिहायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पाणी वाहतंय बी विंगच्या बाविसाव्यावर आणि पॅनेल दाखवतंय ए विंगचा आठवा, अशा चुका वायरिंगमध्ये राहून जातात. रात्री दोन वाजता वॉचमन चुकीच्या मजल्यावर धावला तर ते महागात पडेल. एकदा मेन पंप सुरू झाला की तो आपोआप थांबता कामा नये, माणसाने पॅनेलवर येऊन हातानेच थांबवायचा असतो. तोही याच वेळी बघून घ्या. ही चाचणी मजल्यामजल्यावर, निदान वर्षातून एकदा, दोन्ही विंगमध्ये व्हायला हवी. दिवसभर लागेल, लागू दे.

खाली रायझरपाशी, म्हणजे वर जाणाऱ्या उभ्या मुख्य पाइपपाशी, मोठा ड्रेन व्हॉल्व्ह असतो. तो बंद असताना गेजवर किती दाब आहे ते लिहा, मग पूर्ण उघडा, दाब उतरून कुठे स्थिरावतो ते लिहा, मग बंद करा. दोन आकडे. पहिल्या वर्षी त्यांचा फारसा उपयोग वाटणार नाही. पुढच्या वर्षी ड्रेन उघडा असतानाचा आकडा दहा टक्क्यांहून जास्त उतरलेला दिसला, तर समजायचं की मागे कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा पाइपमध्ये गाळ अडकला आहे, आणि शोध घ्यायचा. ही वही सेक्रेटरी बदलली तरी पुढच्याकडे जायला हवी. ताब्याच्या वेळी बिल्डरने दिलेली फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र) आणि पाइपांचे नकाशे तुमच्याकडे असतील तर त्यांच्या प्रती याच वहीसोबत ठेवा. नसतील तर आताच मागवा, कारण तुमच्या इमारतीत कुठे कुठे स्प्रिंकलर असायलाच हवेत, हे त्या एनओसीत लिहिलेलं असतं.

डिझेल पंपाला मुद्दाम वेळ द्या. तो वीज गेल्यावरच लागतो आणि आग लागली की वीज आधी तोडली जाते. म्हणून मेन पंपाची वीज बंद करून डिझेल पंप आपोआप सुरू होतो का, ते बघा. बहुतेक वेळा घात होतो तो बॅटरीचा. ती बाहेरून छान दिसते आणि स्टार्टर फिरवायला ताकद उरलेली नसते. हा पंप दर आठवड्याला अर्धा तास चालवायचा असतो. तुमचा चालतो का, याचं उत्तर डिझेलच्या खर्चाच्या पावत्यांत मिळेल. पंप पूर्ण क्षमतेने चालवून बघण्याचं काम एजन्सीचं. त्यात पंप त्याच्या ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी देत असताना दाब ठरलेल्या दाबाच्या ६५ टक्क्यांखाली जाऊ नये. तो आकडा अहवालात आहे का, तेवढं तुम्ही बघा.

आता टाकीबद्दल, कारण घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हे सांगायलाच हवं. एप्रिल-मे आला की तुमच्याकडे टँकरच्या रांगा लागतात. पाणी कमी पडलं की फायरच्या टाकीतून पिण्याच्या टाकीत पाणी ओढायचा मोह होतो, आणि काही सोसायट्यांत ते होतंही. कितीही टंचाई असो, ते करू नका. इमारतीत सहसा आधी फायरची टाकी भरते आणि ती ओसंडून घरगुती टाकीत पाणी जातं, अशीच रचना असते. ती कोणी बदललेली नाही ना, ते पाहा. टाकीच्या आतल्या बाजूला किमान पातळीची ठळक रेघ मारा आणि वॉचमनला रोज सकाळी ती बघून नोंदवायला सांगा. टँकरचं पाणी अनेकदा बोअरचं असतं, त्यातले क्षार आणि गाळ पाइपमध्ये जातात. त्यामुळे तुमच्याकडे दर पाच वर्षांनी एक-दोन ठिकाणी पाइप उघडून आतून बघण्याचं काम टाळता येणार नाही. बारा वर्षांत ते झालं नसेल तर यंदा कराच. आणि मजल्यांचं पाणी विनाकारण वारंवार सोडू नका. प्रत्येक वेळी नवं पाणी नवा प्राणवायू घेऊन येतं आणि आतून गंज धरतो. दोन-तीन घरांची कामं असतील तर ती एकाच दिवशी, एकाच वेळी पाणी बंद करून उरकलेली बरी.

बाहेर, कंपाउंडमध्ये अग्निशमन दलाची होज जोडायचं इनलेट असतं. त्याच्यासमोर कोणाची गाडी उभी असते, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत असेल. झाकणं जागेवर हवीत, आत मुलांनी दगड-गोटे टाकलेले नकोत, आणि लाल पाटी लांबून दिसायला हवी.

यंत्रापेक्षा अवघड काम घराघरांतलं आहे. तुमच्याकडे फक्त व्हॉल्व्ह आणि पंप तपासून भागणार नाही, स्प्रिंकलर घरांच्या छतांवर आहेत आणि दार उघडणं सदस्यांच्या हातात आहे. हे काम डिसेंबरात ठेवा, असं माझं ठाम मत आहे. दिवाळीची रंगरंगोटी संपलेली असते, म्हणजे रंग फासलेले स्प्रिंकलर नेमके सापडतात. आणि जानेवारीच्या फॉर्म बीला ताजी तपासणी हाताशी असते. जुलैच्या आधी पंप आणि व्हॉल्व्हची धावती पाहणी पुरेल.

रंग लागलेला स्प्रिंकलर घासून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. रंगाचा थर बसला की काच उशिरा तापते किंवा झाकण अडकतं. काही घरांत स्प्रिंकलर छताच्या आत लपलेला असून खाली नुसती गोल चकती दिसते. ती चकतीही रंगवायची नाही, ती उष्णतेने गळून पडायला हवी. नळीतला द्रव उडून गेला असेल, तोंडाशी हिरवट डाग किंवा गंज असेल, तर तोही बदला. फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलर वर झाकला गेला असेल, तर ती बाब सर्वात गंभीर : गरम हवा नव्या छताखाली साचेल आणि वरच्या स्प्रिंकलरला ती वेळेत कळणार नाही. हॉलचा भाग काढून नवी खोली केली असेल, तर त्या खोलीत स्प्रिंकलर आहे का ते पाहा. माळ्यावरचं सामान स्प्रिंकलरच्या खाली निदान अर्धा मीटर राहायला हवं, नाहीतर फवारा सामानावरच अडतो. आणि स्प्रिंकलरला आकाशकंदील, तोरणं, वाढदिवसाचे फुगे बांधलेले असतात. हे सगळं घरातली माणसं नकळत करतात, वाईट हेतूने कोणी करत नाही. म्हणून तपासणीला जाणाऱ्याने सांगण्याचा सूर नीट ठेवावा. शक्य असेल तर एजन्सीच्या माणसाबरोबर कमिटीतली बाई जाऊ दे. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या आजी दार उघडायला कचरणार नाहीत.

पोडियम आणि पार्किंगमधले स्प्रिंकलर विसरू नका. खाडीची दमट, खारी हवा तिथे सतत असते आणि ते घरातल्यांपेक्षा लवकर खराब होतात. तिथले काही नमुने दर पाच वर्षांनी काढून प्रयोगशाळेत तपासायला द्यावेत. घरातले लवकर उघडणाऱ्या प्रकारचे स्प्रिंकलर चांगल्या स्थितीत असतील तर वीस-पंचवीस वर्षांनी नमुने तपासले तरी चालतं, त्यामुळे सगळे एकदम बदलायला हवेत असं कोणी सांगितलं तर लगेच होकार देऊ नका. कारण विचारा. पंप रूममध्ये त्याच प्रकारच्या सुट्या स्प्रिंकलरची पेटी हवी, तीनशेपर्यंत स्प्रिंकलर असतील तर किमान ६, तीनशे ते हजार असतील तर १२, त्याहून जास्त असतील तर २४. आणि ते बसवायचा खास पाना. ही पेटी तुमच्याकडे असती तर चौदाव्या मजल्यावरचा प्रश्न त्याच संध्याकाळी मिटला असता.

खर्चाबद्दल सभेत भांडण होईल. तीन परवानाधारक एजन्सींकडून दर मागवा, पण तिघांनाही कामाची एकच यादी द्या, नाहीतर तुलनाच होणार नाही. यादीत वर्षाचं काम वेगळं, पाच वर्षांचं काम वेगळं लिहा. पाच वर्षांचं काम एकदम अंगावर येतं, म्हणून त्याची तरतूद दुरुस्ती निधीत आतापासून दरवर्षी थोडी थोडी करा. एजन्सीचा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवेचा आहे आणि तो चालू मुदतीत आहे, हे कागद बघून खात्री करा. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान त्यात गेले, त्यांच्या स्मरणार्थ. तुमच्या सोसायटीचा जिन्याने उतरण्याचा सराव त्याच आठवड्यात ठेवा आणि त्याच वेळी सदस्यांना स्प्रिंकलर कसा चालतो ते दाखवा. ऐकायला माणसं तयार असतात.

बारा वर्षांत आग लागली नाही, या मुद्द्यावर सभेत वाद घालू नका. त्याऐवजी विचारा, की बारा वर्षांत बाविसाव्या मजल्यावरचा तो तपासणीचा व्हॉल्व्ह कोणी उघडताना पाहिला आहे का. माझा अंदाज आहे की कोणी हात वर करणार नाही. तिथेच ठराव मांडा : डिसेंबरात पूर्ण चाचणी, कमिटीचे दोन सदस्य हजर, आकड्यांची वही, आणि चाचणी अहवाल जोडल्याशिवाय फॉर्म बी स्वीकारायचा नाही.

सदस्यांना देण्यासाठी नोटीस अशी लिहा : "आपल्या घरातील स्प्रिंकलरची वार्षिक पाहणी अमुक तारखेला, सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत होईल. पाहणीला दहा मिनिटे लागतात, घरात पाणी सोडले जाणार नाही. त्या दिवशी घरी कोणी नसल्यास पुढच्या रविवारची वेळ कळवावी. स्प्रिंकलरला रंग लागलेला असल्यास किंवा तो फॉल्स सीलिंगमध्ये झाकला गेला असल्यास आधीच सांगावे, बदलण्याची व्यवस्था सोसायटी करील." "पाणी सोडले जाणार नाही" हे वाक्य गाळू नका, त्यानेच निम्मी दारं उघडतील.

आणि एजन्सीने चाचणी करून दाखवायला किंवा अहवाल द्यायला नकार दिला, तर पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी पत्र पाठवा. तरीही हालचाल झाली नाही तर करार संपवून दुसरी एजन्सी नेमा, आणि बदल का केला हे ठाणे महापालिकेच्या अग्निशमन दलाला पत्राने कळवा. जानेवारीच्या आत नव्या एजन्सीला पूर्ण चाचणीसाठी निदान तीन आठवडे हातात राहतील, अशा बेताने हे पत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच गेलेलं बरं.